पॉवर ९० टक्के आहे, पण यशाची शक्यता किती?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. मेंदूच्या ऱ्हासाच्या एका आजारावर तुमच्या कंपनीचं औषध आहे. फेज २ मध्ये, म्हणजे माणसांवरच्या चाचण्यांच्या मधल्या टप्प्यात, २०० रुग्ण होते, निम्मे औषधावर आणि निम्मे प्लासिबोवर, म्हणजे औषध नसलेल्या नकली मात्रेवर. लक्षणांच्या मोजपट्टीवर दोन गटांत ३.३ गुणांचा फरक आला आणि पी-व्हॅल्यू ०.०२ निघाली, म्हणजे औषध निरुपयोगी असतं तरी निव्वळ योगायोगाने एवढा किंवा याहून मोठा फरक दिसण्याची शक्यता दोन टक्के. आता ३८६ रुग्णांची फेज ३, म्हणजे मंजुरीआधीची मोठी चाचणी, आखली आहे, तिची पॉवर ९० टक्के. वरिष्ठ म्हणतात की यशाची शक्यता ९० टक्के धरून प्रकल्पाचं मूल्य काढा. हे बरोबर आहे का, आणि नसेल तर कुठला आकडा धरायचा?

बरोबर नाही. तुम्ही दिलेल्या माहितीवर मी पन्नासच्या आसपास थांबेन, आणि फेज २ चा पूर्ण अहवाल हाती आला तर बहुधा त्याहूनही खाली येईन. तो आकडा कसा निघतो ते सविस्तर सांगतो. तुमचं औषध वेगळं असलं तरी रीत हीच राहते.

पॉवर हे एक सशर्त विधान आहे. औषधाचा खरा परिणाम नेमका ३.३ गुण असेल, तर एवढ्या रुग्णांवर केलेल्या चाचणीत दहापैकी नऊ वेळा सांख्यिकीय फरक दिसेल, एवढंच ते सांगतं. त्या 'असेल तर' ची शक्यता किती, यावर पॉवर काहीच बोलत नाही. चाचणी आखणाऱ्या संख्याशास्त्रज्ञाला हे पक्कं ठाऊक असतं. पण अहवालातला आकडा अर्थविभागाच्या तक्त्यात जाईपर्यंत अट गळून पडते आणि नुसते ९० उरतात. हा घोळ मी इतक्या ठिकाणी पाहिला आहे की कुठलंही मूल्यमापन हातात आलं की आधी तोच रकाना तपासतो.

त्याआधी एक गोष्ट लिहून काढा: 'यश' म्हणजे काय? प्रायमरी एंडपॉइंटवर, म्हणजे चाचणीचा निकाल ज्या मुख्य मोजमापावर ठरतो त्यावर, फरक सिद्ध होणं, औषधाला मंजुरी मिळणं, की औषध पुढच्या टप्प्यात जाणं? तिन्ही वेगळ्या घटना आहेत आणि तिन्हींची शक्यता वेगळी. प्रसिद्ध झालेले बहुतेक यशदर तिसऱ्या प्रकारचे असतात. म्हणजे एखाद्या कंपनीने पैसे संपले म्हणून किंवा बाजार लहान वाटला म्हणून औषध सोडून दिलं, तरी ते तिथे अपयशातच मोजलं जातं.

आता पायाभूत दराकडे येऊ. आपलं औषध बाजूला ठेवून, अशा प्रकारच्या औषधांपैकी आजवर किती तरली, हे आधी बघायचं. अमेरिकेतल्या बायो या उद्योगसंघटनेने २०११ ते २०२० या दशकाचा हिशेब मांडला. त्यात फेज १ मधून पुढे जाण्याचं प्रमाण ५२ टक्के, फेज २ मधून २८.९, फेज ३ मधून ५७.८ आणि मंजुरीसाठी अर्ज केल्यावर ९०.६ टक्के होतं. चारही गुणले की फेज १ ते मंजुरी हा प्रवास ७.९ टक्के औषधं पूर्ण करतात असं दिसतं. खरी गाळणी फेज २ आहे. औषध माणसात काही काम करतं का, हा प्रश्न तिथेच पहिल्यांदा नीट विचारला जातो.

मात्र हे आकडे दगडावरची रेघ समजू नका. एमआयटीमधल्या वाँग, सिया आणि लो यांनी २०१९ मध्ये चाचण्यांच्या चार लाखांहून अधिक नोंदी वापरून हाच प्रवास मोजला, तेव्हा सरासरी १३.८ टक्के आली. कर्करोगात मात्र बायोच्या हिशेबात ५.३ टक्के आणि यांच्या हिशेबात ३.४. म्हणजे एकूण दर जास्त आणि कर्करोगाचा दर कमी. कालखंड वेगळा आणि मोजण्याची रीतही वेगळी. एकच औषध पाच आजारांवर तपासलं तर ते एकदा मोजायचं की पाचदा, नोंदींमध्ये मधला टप्पा सापडला नाही तर काय समजायचं, असे निर्णय घेतले की उत्तर बदलतं. म्हणून पायाभूत दर मी नेहमी पल्ल्यात घेतो, आणि दोन हिशेबांतून आपल्या सोयीचा उचलायचा नाही हे आधीच ठरवून टाकतो.

जुन्या दरांबद्दल आणखी एक सावधगिरी. कॅप्लान आणि अर्विन यांनी २०१५ मध्ये हृदयविकारांवरच्या, सरकारी निधीतून झालेल्या मोठ्या अमेरिकी चाचण्या तपासल्या. २००० सालाआधी प्रसिद्ध झालेल्या ३० पैकी १७ चाचण्यांमध्ये फायदा दिसला होता. त्यानंतरच्या २५ पैकी फक्त २ मध्ये दिसला. या दोन काळांतला ठळक फरक म्हणजे प्रायमरी एंडपॉइंट आधीच जाहीर करून सार्वजनिक नोंदणी करणं. एवढ्यानेच सगळा फरक पडला असं सिद्ध होत नाही. पण निकाल पाहून एंडपॉइंट निवडायची मुभा असलेल्या काळाचा यशदर आजच्या चाचणीला लावू नये, हे माझ्या लेखी त्यावरून पुरेसं स्पष्ट होतं.

आता तुमचं गणित. मोजपट्टीवर रुग्णारुग्णांमधलं प्रमाण विचलन, म्हणजे त्यांचे गुण सरासरीपासून सहसा किती विखुरतात त्याचं माप, १० गुण असावं; तुमच्या पॉवरच्या आकड्यावरून ते तेवढंच निघतं. फेज २ मधल्या फरकाची प्रमाण त्रुटी, म्हणजे योगायोगाने तो सहसा किती इकडेतिकडे होईल त्याचं माप, साधारण १.४ येते, फेज ३ मधली साधारण १.०. फेज ३ मध्ये सुमारे २ गुणांचा फरक दिसला तरी ती सांख्यिकीयदृष्ट्या यशस्वी ठरेल. ही गोष्ट पुष्कळांच्या लक्षात येत नाही: ९० टक्के पॉवरच्या चाचणीत, गृहीत धरलेल्या परिणामाच्या साठ टक्के परिणाम दिसला तरी पी-व्हॅल्यू ०.०५ या रूढ मर्यादेच्या खाली जाते.

पहिली दुरुस्ती. खरा परिणाम नेमका ३.३ आहे असं न मानता, तो ३.३ च्या आजूबाजूला १.४ च्या त्रुटीने कुठेही असू शकतो असं माना. त्या सगळ्या शक्यतांवर पॉवरची सरासरी काढा. उत्तर ७७ टक्के येतं. संख्याशास्त्रात याला 'अश्युरन्स' म्हणतात. स्पीगलहाल्टर आणि फ्रीडमन यांनी १९८६ मध्ये ही कल्पना मांडली होती आणि ओहेगन व सहकाऱ्यांनी २००५ मध्ये ती या नावाने रुजवली. अनेक कंपन्या इथेच थांबतात, आणि मला ते अर्धवट वाटतं. कारण या हिशेबात फेज २ च्या आधी आपल्याला या आजाराबद्दल काहीच माहीत नव्हतं असं गृहीत आहे. तसं कुठे असतं?

दुसरी दुरुस्ती. फेज २ मध्ये येणाऱ्या औषधांपैकी खरोखर काम करणारी किती? मेंदूच्या ऱ्हासाच्या आजारांत मी पाचांत एक धरतो, तेही उदारपणे. आणि जी काम करतात त्यांचा परिणाम या मोजपट्टीवर अडीच गुणांच्या आसपास असतो असं धरू. हे दोन्ही आकडे माझ्या अंदाजाचे आहेत; तुमच्या क्षेत्रातल्या जाणकारांकडून तुम्ही स्वतःचे घ्या. आता बेजचा नियम, म्हणजे नव्या पुराव्यावरून आधीची शक्यता सुधारण्याची रीत, लावा. निरुपयोगी औषधातून योगायोगाने ३.३ चा फरक दिसणं आणि चांगल्या औषधातून तो दिसणं, यांच्या शक्यतांचं गुणोत्तर साधारण एकास तेरा निघतं. त्यामुळे 'औषध काम करतं' याची शक्यता २० टक्क्यांवरून ७६ टक्क्यांवर जाते. फेज २ ने भरपूर काही शिकवलं, यात वाद नाही. पण खरा परिणाम अडीच गुण असेल तर तुमच्या फेज ३ ची पॉवर ९० नसून ६९ टक्के आहे. ७६ टक्क्यांचे ६९ टक्के, अधिक निरुपयोगी औषध नशिबाने पास होण्याची किरकोळ शक्यता, मिळून ५३ टक्के.

म्हणजे ९०, मग ७७, मग ५३. एकही रुग्ण बदलला नाही; फक्त आपण काय गृहीत धरलंय ते उघड केलं.

मंजुरीसाठी दोन चाचण्या लागणार असतील तर आणखी एक खाच आहे. ५३ टक्क्यांचा वर्ग करून २८ टक्के काढू नका. दोन्ही चाचण्यांमध्ये औषध तेच आहे, त्यामुळे त्यांचं नशीब बांधलेलं असतं. औषध चांगलं असेल तर दोन्ही यशस्वी होण्याची शक्यता ६९ टक्क्यांचा वर्ग, त्याला ७६ टक्क्यांनी गुणलं की साधारण ३६ टक्के. एकाच औषधाच्या दोन निकालांना स्वतंत्र मानल्यामुळे गणित चुकतं, आणि इथे ते नुकसानीच्या बाजूला चुकतं.

आतापर्यंतचं सगळं कागदावर होतं. खरं काम फेज २ चा अहवाल वाचण्यात आहे, आणि माझा सर्वाधिक वेळ तिथेच जातो.

इनिपॅरिबचं उदाहरण मी नव्या सहकाऱ्यांना नेहमी देतो. ट्रिपल-निगेटिव्ह या उपचाराला अवघड प्रकारच्या स्तनकर्करोगात १२३ रुग्णांच्या फेज २ मध्ये केमोथेरपीसोबत हे औषध दिलं, तर आयुर्मानाचा मध्यक ७.७ महिन्यांवरून १२.३ महिन्यांवर गेला. केवढा आनंद झाला होता! त्यानंतर ५१९ रुग्णांची फेज ३ झाली आणि २०११ च्या जानेवारीत ती अपयशी ठरल्याचं जाहीर झालं. दोन्ही चाचण्यांचे आकडे शेजारी ठेवून बघा. फेज ३ मध्ये औषधाच्या गटाचा मध्यक ११.८ महिने होता, म्हणजे फेज २ मधल्या १२.३ पासून फार लांब नाही. बदलला तो नुसत्या केमोथेरपीचा गट: ७.७ ऐवजी ११.१. फेज २ मधल्या फरकाचा मोठा भाग औषधाने मिळवलेला नव्हता; तुलनेचा गट त्या वेळी नेहमीपेक्षा वाईट गेला होता. लहान चाचणीत असं सहज होतं. शिवाय त्या फेज २ मध्ये आयुर्मान हा प्रायमरी एंडपॉइंट नव्हताच, आणि कोण कुठल्या गटात आहे हे सर्वांना माहीत होतं. पुढे तर हे औषध डीएनए दुरुस्त करणाऱ्या ज्या पार्प एन्झाइमला अडवतं असं मानलं जात होतं, त्याला ते नीट अडवतच नाही असंही दिसून आलं.

तेव्हापासून मी एक सवय लावून घेतली आहे. फेज २ चा निकाल उघडला की औषधाचा गट झाकायचा आणि फक्त प्लासिबो गट बघायचा. त्या आजाराच्या इतर चाचण्यांमध्ये प्लासिबोवरचे रुग्ण जसे घसरतात तसेच इथे घसरलेत का? जास्त घसरले असतील तर सगळा फरक मनातल्या मनात आखडून घ्यायचा.

दुसरी जागा म्हणजे सबग्रुप, रुग्णांमधला एखादा उपगट. सोलानेझुमॅब या अल्झायमरवरच्या औषधाच्या दोन मोठ्या चाचण्या २०१२ मध्ये अपयशी ठरल्या. मग दोन्हींमधले सौम्य आजाराचे रुग्ण एकत्र केले, तर बुद्धीची घसरण सुमारे ३४ टक्क्यांनी मंदावलेली दिसली. म्हणून फक्त सौम्य रुग्णांवर, मेंदूत अमायलॉइड (अल्झायमरमध्ये साचणारं प्रथिन) असल्याची खात्री करून, २,१२९ जणांची तिसरी चाचणी केली. २०१६ च्या नोव्हेंबरमध्ये निकाल आला: घसरण साधारण ११ टक्क्यांनी मंद, सांख्यिकीयदृष्ट्या अपयश. लक्षात घ्या, परिणाम शून्य नव्हता. दिशा तीच राहिली, आकार एक-तृतीयांश झाला. अपयशी चाचणीतून उचललेल्या सबग्रुपचं असंच होतं, कारण अनेक गटांमधला सर्वांत देखणा गट आपण निवडलेला असतो. असा पुरावा पुढे आला तर मी दिसलेला परिणाम निम्म्याहून खाली आणतो आणि मगच पॉवर मोजतो.

तुमच्या फेज २ बद्दल म्हणूनच विचारतो: किती डोस तपासले? ३.३ हा आधी ठरवलेल्या एंडपॉइंटवरचा फरक आहे, की आठ मोजपट्ट्यांपैकी एकीवरचा? मध्येच सोडून गेलेले रुग्ण हिशेबात कसे धरले? नोंदणीतल्या जुन्या आवृत्त्या क्लिनिकलट्रायल्स डॉट गव्ह या अमेरिकी सरकारी नोंदवहीत बघता येतात. प्रायमरी एंडपॉइंट मध्ये कधी बदलला का, ते तिथे तारखेसह दिसतं. बाहेरून अंदाज बांधणाऱ्याला एवढी स्वस्त आणि एवढी बोलकी माहिती दुसरी नाही.

जैविक आधाराचा मुद्दा वेगळाच. कोलेस्टेरॉलच्या क्षेत्रात तो स्वच्छ दिसतो. 'चांगलं' कोलेस्टेरॉल समजलं जाणारं एचडीएल वाढवायचं म्हणून सीईटीपी हे प्रथिन अडवणारी औषधं आली. टॉर्सेट्रापिबने एचडीएल तब्बल ७२ टक्क्यांनी वाढवलं, आणि १५,०६७ रुग्णांची चाचणी २००६ च्या डिसेंबरमध्ये थांबवावी लागली, कारण औषधाच्या गटात मृत्यू जास्त होते. दोष त्या एका रेणूचा, त्याने रक्तदाब वाढतो, असं म्हणत उद्योग पुढे गेला. डॅल्सेट्रापिब २०१२ मध्ये, एव्हासेट्रापिब २०१५ मध्ये निष्फळ म्हणून थांबलं. अनासेट्रापिबने २०१७ मध्ये हृदयविकाराच्या घटना ९ टक्क्यांनी कमी केल्या, पण कंपनीने मंजुरीसाठी अर्जच केला नाही. चाचणी यशस्वी आणि औषध बाजारात नाही. म्हणूनच 'यश' म्हणजे काय ते आधी लिहा म्हटलं.

याउलट पीसीएसके९ हे जनुक बघा. ज्यांच्यात हे जनुक जन्मतःच निकामी आहे अशा लोकांचं एलडीएल, म्हणजे 'वाईट' कोलेस्टेरॉल, कमी असतं आणि त्यांना हृदयविकारही खूप कमी होतो, हे २००६ मध्येच दिसलं होतं. निसर्गाने आयुष्यभराची चाचणी आधीच करून ठेवली होती. पीसीएसके९ अडवणाऱ्या इव्होलोक्युमॅबच्या २७,५६४ रुग्णांच्या चाचणीत २०१७ मध्ये घटना १५ टक्क्यांनी कमी झाल्या. एचडीएलच्या बाबतीत मात्र, जनुकीय बदलामुळे ज्यांचं एचडीएल जन्मतः जास्त आहे त्यांनाही हृदयविकाराचा झटका कमी येत नाही, असं २०१२ मध्ये प्रसिद्ध झालं होतं. मार्कर, म्हणजे रक्तात मोजता येणारी खूण, हलला म्हणजे आजार हलेल, असा त्याचा अर्थ नव्हता.

जनुकीय पुराव्याचं वजन आता मोजलंही गेलं आहे. २०२४ मध्ये 'नेचर'मध्ये आलेल्या मिनिकेल आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासानुसार, असा आधार असलेल्या औषधांची यशाची शक्यता सुमारे २.६ पट असते. पण हा आकडा फेज १ पासून बाजारापर्यंतच्या पूर्ण प्रवासाचा आहे. फेज ३ च्या दारात उभ्या असलेल्या औषधाच्या ५० टक्क्यांना २.६ ने गुणून १३० टक्के काढता येत नाहीत, हे उघड आहे. दुरुस्त्या करताना टक्केवारी न गुणता शक्यतांचं गुणोत्तर गुणावं. ५३ टक्के म्हणजे ५३ ला ४७. चांगल्या जैविक आधारासाठी त्याची दीडपट केली की ६३ टक्के येतात. फेज २ मध्ये परिणाम दिसल्यानंतर मी दीडपटीच्या पुढे सहसा जात नाही, कारण जैविक आधाराचा बराचसा फायदा त्या निकालातच आलेला असतो. नाहीतर तोच पुरावा दोनदा मोजला जातो.

चाचणीच्या आखणीबद्दल थोडक्यात. फेज २ आणि फेज ३ मध्ये रुग्ण, एंडपॉइंट, डोस, कालावधी यांपैकी काही बदललं असेल तर प्रत्येक बदलासाठी थोडी वजावट करा. केंद्रांची संख्या एकदम वाढली की मोजमापातला गोंगाट वाढतो. नैराश्य आणि वेदना यांसारख्या आजारांत प्लासिबोवरच्या रुग्णांनाही बरंच बरं वाटतं, तिथे हे विशेष जाणवतं. आधीच मंजूर असलेल्या औषधाचं नवं रूप असेल तर हा सगळा धाक कमी होतो. तिथे सत्तर-ऐंशी टक्क्यांपासून सुरुवात केली तरी चालेल.

चाचणी सुरू झाल्यावर आकडा कधी हलवायचा? बाहेरच्यांना मोह होतो तो असा: घटना अपेक्षेपेक्षा सावकाश जमत आहेत, म्हणजे औषध काम करत असणार. गटांचे आकडे झाकलेले असताना यातून फार काही कळत नाही. रुग्ण मुळातच कमी जोखमीचे भरती झाले असतील, तरी हेच दिसतं. मध्यंतरीची तपासणी पार झाली, चाचणी थांबवली नाही, यानेही शक्यता थोडीच वाढते, कारण निष्फळतेच्या कसोट्या बहुधा सैल असतात. आणि चाचणी थांबवली तरी गोष्ट संपते असं नाही. अ‍ॅड्युकॅन्युमॅब या अल्झायमरवरच्या औषधाच्या दोन जुळ्या चाचण्या २०१९ च्या मार्चमध्ये निष्फळ म्हणून थांबवल्या. दोन्हींमध्ये परिणाम सारखाच असेल असं त्या गणितात गृहीत होतं. उरलेली माहिती जमा झाल्यावर एक चाचणी यशस्वी दिसली, दुसरी नाही. सल्लागार समितीचा कल विरोधी असूनही २०२१ च्या जूनमध्ये अमेरिकेत त्वरित मंजुरी मिळाली, आणि २०२४ मध्ये कंपनीने औषध सोडून दिलं. एंडपॉइंट, मंजुरी आणि बाजार यांचे अंदाज वेगवेगळ्या रकान्यांत का ठेवायचे, ते या एका औषधावरून कळतं.

बैठकीत आकडा बोलून दाखवण्याआधी प्रत्येकाने आपला आकडा एकट्याने लिहावा, असा आग्रह धरा. विभागप्रमुख '७५' म्हणाले की खोलीतले बाकीचे सगळे ७० ते ८० मध्ये येऊन बसतात. लिहिलेले आकडे तारीख आणि कारणांसह जपून ठेवा, आणि निकाल आल्यावर ब्रायर स्कोअर काढा: अंदाज आणि निकाल यांतल्या फरकाचा वर्ग, सर्व अंदाजांवर सरासरी. एका चाचणीने कुणाचा अंदाज चूक की बरोबर ठरत नाही. वीस-तीस अंदाज जमले की मात्र कोण सतत फुगवून सांगतं ते स्वच्छ दिसतं.

तुमच्या तक्त्यात मी सध्या प्रायमरी एंडपॉइंटसाठी ५३ जरा खाली ओढून ५० टक्के लिहीन, पल्ला ३५ ते ६०, आणि त्यानंतरच्या मंजुरीसाठी वेगळ्या रकान्यात ९० टक्के. म्हणजे एकत्रित ४५. वरिष्ठांना ९० सोडवत नसतील, तर ती पॉवर ज्या ३.३ गुणांवर उभी आहे ते खरे असण्याची शक्यता त्यांना किती वाटते, एवढं लेखी मागा. फेज २ चा अहवाल मिळाला की प्लासिबो गटाचा आलेख आणि गळतीचा तक्ता आधी काढा. माझा आकडा ३५ कडे जाईल की ६० कडे, ते त्या दोन पानांवर ठरेल.